तिसरं बटण

मुलांनो, एक दुकान डोळ्यांपुढे आणा. घाई नको, सावकाश. रस्त्याच्या वळणावर तीन पायऱ्या, त्या चढून आत या. डाव्या हाताला दोन पायमशिनी आहेत आणि त्या एकमेकींकडे पाठ करून ठेवल्या आहेत. शिवणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी. समोरासमोर बसल्या तर पाय थांबतील आणि तोंडं चालतील, म्हणून ही तजवीज. मधे कापड बेतायचं लांब टेबल. भिंतीवर खिळ्याला अडकवलेली मोठी कात्री. तिला हात लावायचा नाही, कुणीच नाही. आता जरा वाका आणि टेबलाखाली बघा. हातात लोहचुंबक घेऊन एक अकरा वर्षांची मुलगी पडलेल्या टाचण्या गोळा करते आहे. तिचं नावही टाचणीच पडलं आहे. अंगानं तशीच बारीक, आणि बोलली की टोचते.

मोठी बहीण म्हणजे टाचणीची मावशी. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिच्या शिवणाला नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. जिभेला मात्र भरपूर होती. गिऱ्हाईक लठ्ठ झालं तर ती टेप गुंडाळता गुंडाळता विचारी, "माप तुमचंच घेऊ ना, की दोघांचं?" धाकटी बहीण म्हणजे टाचणीची आई. ही मुलखाची अबोल. गिऱ्हाईक आलं की मान खाली घालून मशीन चालवी. तिचं बोलणं सगळं हातांत होतं.

बटण लावायची या दुकानाची एक पद्धत होती. चार भोकांचं बटण घ्यायचं. एका भोकातून तीन टाके काढायचे आणि ते उरलेल्या तीन भोकांत न्यायचे, म्हणजे बटणावर पाखराच्या पावलासारखी खूण उमटते. मग बटण आणि कापड यांच्यामधे दोऱ्याचे चार वेढे द्यायचे आणि गाठ त्या वेढ्यांच्या पोटात लपवायची. असं बटण कपडा फाटला तरी निघत नाही. निघालंच तर कापडाचा लचका घेऊन निघतं. मावशीनं ही पद्धत धाकटीला शिकवली तेव्हा पहिले सहा महिने तिचं प्रत्येक बटण कापून काढलं होतं आणि पुन्हा लावायला सांगितलं होतं. सातव्या महिन्यात कापलं नाही. त्या दुकानात शाबासकी म्हणतात ती एवढीच.

शिवाय एक नियम होता: बटण तुटलेला कपडा दुकानाबाहेर जायचा नाही. शर्टाची बाही आखूड करायला दिलीत आणि कॉलरचं बटण गेलेलं असलं, तर तेही लावून मिळे.

आणि या नियमावरूनच गेली काही वर्षं दुकानात रोज वाजत होतं. पोरं नवा कोट घेऊन येत आणि म्हणत, वरून तिसरं बटण काढून द्या. मावशी म्हणे, इथे लावतात, काढत नाहीत. मग पोरं कोट उचलून पुढच्या दुकानात जात. शाळेतसुद्धा मोठ्या वर्गातली मुलं सदऱ्याचं तिसरं बटण तोडून छाती काढून हिंडत. का, तर बटणसाहेब तसा कोट घालतात.

हे बटणसाहेब कोण, ते आता नीट समजून घेऊ, म्हणजे पुढे अडखळायला होणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी मावशीच्या दुकानापासून दोन दारं सोडून औषधांचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईंना कुठल्याही डॉक्टरचं अक्षर वाचता येई. कडू गोळी गिळताना लहान मुलानं आधी छताकडे बघावं, ही युक्ती त्यांचीच. त्याच रस्त्यावर एक मोठा व्यापारी राही. त्याचा भागीदार आजारी पडून वारला. वर्षभरात सासराही तसाच आजारी पडून वारला. दोन्ही वेळा त्यानं एकच औषध, गरजेच्या तिप्पट, आपल्या हातानं विकत नेलं होतं, हे एकट्या औषधवाल्या बाईंच्या ध्यानात आलं. बाईंनी ते त्याला तोंडावर विचारलं. मी पोलिसांत जाते, असंही सांगितलं. चांगल्या माणसांची एक खोड असते, ती आधी समोरच्याला सांगून टाकतात.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानाच्या मागच्या खोलीत मेलेल्या सापडल्या. त्यांच्या आवळलेल्या मुठीत एक बटण होतं. बटणाला कापडाचा लचका होता, आणि बटणावर पाखराचं पाऊल.

मावशीनं ते बघताक्षणी सांगितलं, हे माझ्या दुकानातलं, आणि या कापडाचा कोट मी एकाच माणसासाठी शिवलाय. तो माणूस, म्हणजे तोच व्यापारी, म्हणाला, माझा कोट तर कधीच चोरीला गेला. कोट कुठे सापडला नाही. सगळा खटला मावशीच्या शब्दावर येऊन ठेपला. तेव्हा त्याच्या वकिलानं कोर्टात पाच कापडाचे तुकडे ठेवले. प्रत्येकावर एक बटण, प्रत्येकावर पाखराचं पाऊल. यातली तुमच्या हातची कोणती, त्यानं विचारलं. मावशीनं पाचही उलटून बघितली, वेढे नखानं चाचपले आणि दोन पुढे केली. वकिलानं हसून एक कागद वाचला. त्या दोनांतलं एक, पाचव्या तुकड्यावरचं, मास्तरीणबाईंनी लावलेलंच नव्हतं, ते वेगळ्याच व्यक्तीच्या हातचं होतं. मावशी काही बोलू लागली तर त्यानं तिला अडवलं, फक्त हो की नाही ते सांगा. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, ज्यांना स्वतःचा हात ओळखता येत नाही, त्या सुतावरून स्वर्ग गाठायला निघाल्यात.

माणूस सुटला. कोर्टानं सोडला, म्हणजे त्यानं केलं नव्हतं असं नाही. सिद्ध झालं नाही, इतकंच. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते लक्षात ठेवा, मोठ्यामोठ्यांना ते दिसत नाही.

सुटल्यावर दुसरा एखादा तोंड लपवून बसला असता. यानं पुस्तक लिहिलं. मुखपृष्ठावर कोट, कोटाला वरून तिसरं बटण नाही, जणू बाईंच्या मुठीतलं ते हेच. पुस्तकात कुठेही 'मी मारलं नाही' असं वाक्य नव्हतं. 'केलं की नाही, तुम्हीच ओळखा' असं होतं. लोकांच्या त्याच्यावर उड्या पडल्या. मग तो नाट्यगृहांतून कार्यक्रम करू लागला आणि लोकांचा बटणसाहेब झाला. प्रेक्षकांतल्या एखाद्याला वर बोलावून पाच बटणं ओळखायला लावी. त्याआधी एक नटी उलटा चष्मा घालून येई, टेपमधे पाय अडकून पडे आणि म्हणे, "माझं! नाही, हे माझं! अगंबाई, सगळीच माझी!" हा मावशीचा पार्ट. लोक हसून हसून खुर्चीतून खाली येत. औषधवाल्या बाई कशा होत्या, हे मात्र त्या कार्यक्रमात कुणी विचारत नसे.

टाचणीच्या वर्गातल्या मुलींना ही नक्कल तोंडपाठ होती. ती वर्गात शिरली की कुणीतरी वही उलटी धरून म्हणे, माझं, नाही, हे माझं. टाचणीनं दोघींना चिमटे काढले आणि एकीचं दप्तर खिडकीबाहेर फेकलं. वर्गाच्या बाईंनी तिलाच उभं केलं. घरी आल्यावर तिनं मावशीला विचारलं होतं, तू खरंच चुकलीस का गं? मावशी इस्त्री करत होती. ती म्हणाली, एक बटण माझं नव्हतं, ते मी माझं म्हटलं. आणि तिनं इस्त्री पुढे सरकवली. आईचं मशीन मात्र त्या वेळी थांबलं होतं, आणि बराच वेळ थांबलेलंच राहिलं.

एका सकाळी दुकानात एक गुळगुळीत माणूस आला. बूट इतके चकचकीत की टाचणीला टेबलाखालून त्यांत आपलं तोंड दिसलं. हा बटणसाहेबांचा मॅनेजर. साहेबांच्या कार्यक्रमाला दहा वर्षं होताहेत आणि परवा ते आपल्या जुन्या रस्त्यावर येताहेत, अशी सुरुवात करून त्यानं बेत सांगितला. साहेब कोट घालून इथे येतील. कॅमेरा असेल. मास्तरीणबाईंनी आपल्या हातानं तिसरं बटण लावायचं आणि लावताना एक वाक्य म्हणायचं. वाक्य त्यानं छापूनच आणलं होतं: 'साहेब, माझी ओळखण्यात चूक झाली, मला माफ करा.' बस. बटण लागलं, भांडण मिटलं. रात्रीच्या कार्यक्रमात ते पडद्यावर दाखवू. आणि त्या दिवसापासून, मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाला, ती उलट्या चष्म्याची नक्कल कायमची बंद. तुम्हाला नाही, पण घरात लहान मुलगी आहे, तिला शाळेत त्रास होत असेल.

टाचणीला वाटलं, मावशी आता इस्त्री उचलणार. मावशीनं तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खडूच्या डब्याखाली ठेवला. म्हणाली, "येऊ द्या त्यांना."

मॅनेजर खुशीत पायऱ्या उतरला. टाचणी मात्र टेबलाखालीच बसून राहिली. मावशी आपल्यासाठी माफी मागणार, असं तिच्या मनानं घेतलं. आपण शाळेतलं रडगाणं घरी आणलं नसतं तर हे झालं नसतं. एकदा का मावशीनं ते वाक्य म्हटलं, की मग 'कोट त्याचाच होता' असं म्हणणारं या रस्त्यावर कुणी उरणार नव्हतं.

ती धावत मागच्या बोळात गेली. आई तिथे दोरीवर भिजवलेलं अस्तर वाळत घालत होती. टाचणी म्हणाली, मावशीला सांग माफी मागू नको, मी शाळेत सगळ्यांना पुरून उरेन. आई अस्तराच्या दोन्ही बाजू सारख्या करत राहिली. मग ओल्या हातांनीच पायरीवर बसली आणि तिनं लेकीला जवळ ओढलं.

"ते पाचवं बटण मी लावलं होतं," आई म्हणाली.

टाचणीला आधी कळलंच नाही. आईनं सगळं सांगितलं, थांबत थांबत, दोरा गुंतल्यावर सोडवावा तसं. खटल्याच्या आठवडाभर आधी एक अनोळखी माणूस आला होता. मावशी तेव्हा कापड आणायला गेलेली. तो म्हणाला, या तुकड्यावर एक बटण लावून द्या, नमुना हवाय. आईनं लावून दिलं. कोर्टात ती गेलीच नव्हती, टाचणी तेव्हा चार महिन्यांची होती. रात्री मावशीनं पाच बटणांची हकिगत सांगितली तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी दोघी सरकारी वकिलांकडे गेल्या. ते म्हणाले, निकाल लागला, आता उशीर झाला. पुढे अपीलही फेटाळलं गेलं. तेव्हा मावशीनं धाकटीला बजावलं, ही गोष्ट पुन्हा तोंडातून काढायची नाही. ज्या बाईनं त्याला तोंडावर विचारलं तिचं काय झालं ते बघितलंस ना? तुझ्या मांडीवर पोर आहे. लोक हसतील ते मला हसू देत, माझी पाठ रुंद आहे.

"आणि तू गप्प बसलीस?" टाचणी म्हणाली.

आईनं मान हलवली. अकरा वर्षं. बटण चांगलं लावलं, हाच माझा गुन्हा, ती म्हणाली. एक वेढा कमी दिला असता तरी ताईनं ते बाजूला काढलं असतं. टाचणीला आईचा राग आला, कीवही आली, आणि दोन्ही एकदमच. ती तरातरा आत निघून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ता माणसांनी फुलला. बटणसाहेब येणार म्हणून पोरं खांबांवर चढली होती. तो आला आणि टाचणी चक्रावली. तिनं मनात एक राक्षस तयार ठेवला होता. हा तर कुणाचेही काका असावेत असा होता. पिकलेले केस, मऊ आवाज, अंगाला छान वास. पायरीवर अडखळलेल्या म्हातारीला त्यानं हात दिला. टाचणीला बघून म्हणाला, अरे वा, एवढी मोठी झाली? आणि असा हसला की क्षणभर टाचणीही हसली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. मुलांनो, तिची चूक नव्हती. वाईट माणसाला शिंगं असती तर कोर्टाची गरजच पडली नसती, गुराख्याला बोलावलं असतं.

आत मॅनेजर, कॅमेरावाला आणि दहाबारा निवडक माणसं शिरली. बाकीचे रस्त्यावर. काचेतून बघता येत होतं, ऐकू येत नव्हतं. आई आपल्या मशीनवर बसून, दाराकडे पाठ करून, पडद्याच्या कडा शिवत होती. मशीनची खटखट चालूच. मॅनेजरनं ते बंद करायला सांगितलं तर मावशी म्हणाली, "उद्याचं काम आहे, ते थांबत नाही."

साहेब आरशापुढे उभा राहिला. मावशीनं कोटाला एक प्रदक्षिणा घातली.

"खांदा वाईट बसवलाय," ती म्हणाली. "कुणी शिवला?"

माणसं हसली. साहेबही हसला. म्हणाला, "ताई, तुमच्यासारखे हात आता कुठे राहिले? म्हणून तर आलो."

मावशीनं सुईत दोरा ओवला. पहिल्या झटक्यात. चष्मा सरळ होता. मॅनेजरनं बोटानं खूण केली, आता वाक्य. टाचणी कात्रीच्या भिंतीला चिकटून उभी होती. 

"बोलायचं ते आधी बोलते," मावशी म्हणाली. "मग बटणाचं बघू. कोर्टात माझ्यापुढे पाच बटणं ठेवली. त्यातली दोन माझी म्हणाले. एक माझं नव्हतं. ही माझी चूक. हे मी कधी नाकारलं नाही, आजही नाही."

मॅनेजरचा चेहरा फुलला. साहेबानं मान लववली.

"पण बाईंच्या मुठीतलं बटण तुमच्या कोटाचं होतं," मावशी पुढे म्हणाली. "तो कोट मी बेतला, मी शिवला, त्या कापडाचा दुसरा कोट कुणालाही शिवला नाही. बाईंना तुम्ही मारलंत. कोर्टानं तुम्हाला सोडलं. मी सोडलेलं नाही." आणि तिनं सुई पिनकुशनमधे खोचून टाकली.

दुकानात आता फक्त मशीनची खटखट. साहेब मात्र जराही डगमगला नाही, उलट त्याचे डोळे चमकले. दहा वर्षं रंगमंचावर काढलेला माणूस. समोर प्रेक्षक आणि जवळ कॅमेरा. तो लोकांकडे वळला आणि हात पसरून म्हणाला, बघितलंत? अजून तोच हट्ट. मग मावशीकडे बघून अगदी प्रेमानं म्हणाला, "ताई, ज्या कुणा परक्यानं ते पाचवं बटण लावलं, त्याचा हात तुम्हाला आपला वाटला. मग तुमच्या ओळखण्यावर कुणी का विश्वास ठेवावा?"

हाच प्रश्न तो रोज रात्री विचारी, आणि रोज रात्री टाळ्या पडत. आताही दोघातिघांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

मशीन थांबलं.

आई उठली. वळली. तिनं दोन्ही हात मशीनच्या कडेवर दाबून धरले. मावशी पटकन म्हणाली, "धाकटे, बस खाली." आई बसली नाही. ताईचं न ऐकण्याची ही तिची पहिलीच वेळ.

"परक्यानं नाही, मी लावलं होतं," आई म्हणाली. आवाज इतका बारीक होता की कॅमेरावाला दोन पावलं पुढे आला. "याच खुर्चीवर बसून. तुमच्या वकिलाचा माणूस ताई नसताना आला आणि माझ्याकडून लावून घेऊन गेला. मला शिकवलंय ताईनंच. म्हणजे पाचांतली दोन या दुकानातली होती. बाकीची तीन बाहेरून करून आणलेली. पाखराचं पाऊल पाचही बटणांवर होतं. ताईनं बाहेरची तीन बाजूला काढली आणि दुकानाची दोन बरोबर उचलली. एकही चुकलं नाही."

तिनं श्वास घेतला.

"तुमच्या वकिलानं दाखवलं काय? ताईला स्वतःचा आणि माझा हात वेगळा सांगता येत नाही, एवढंच. पण दुकानातलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं, हे ती डोळे मिटून सांगते. बाईंच्या मुठीतलं बटण ताईनं लावलेलं असो नाहीतर मी, ते या दुकानातलं होतं आणि तुमच्या कोटावर होतं. हे मला अकरा वर्षांपूर्वी ओरडून सांगायला हवं होतं. मी तुम्हाला भ्याले. आता नाही भीत."

मुलांनो, इथे थांबून बोटांवर मोजून बघा, हवं तर. पाच बटणं. दोन आतली, तीन बाहेरची. तिनं कोणती उचलली? दुकानातली माणसंही तेच मोजत होती. साहेबानं हात देऊन आत आणलेल्या म्हातारीचेही ओठ हलत होते. टाळीसाठी उचललेले हात तसेच अधांतरी राहिले आणि मग हळूच खिशांत गेले.

साहेब लोकांकडून आईकडे वळला.  पहिल्यांदाच त्याचा चेहरा कुणाच्याही काकांसारखा दिसेना. तो आईकडे बघत होता, आणि ती नजर बघून टाचणीला कळलं, औषधवाल्या बाईंनी शेवटी काय बघितलं असेल. मावशी शांतपणे दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं, नुसती उभी राहिली. पाठ खरंच रुंद होती.

"कॅमेरा बंद," साहेब म्हणाला.

मॅनेजरनं भराभर सूत्रं हातात घेतली. पुढच्या दाराला कडी घातली, काचेवरचा पडदा ओढला, आणि निवडक माणसांना गोड शब्दांत सांगितलं की हे घरगुती आहे, बाईंना ताण आलाय, हे काही बाहेर न्यायचं नाही. चित्रणातलं एवढं कापून टाकू. मग तो साहेबाच्या कानाशी लागला, पण टाचणी त्याच्या कोपराखालीच होती. "मी बाहेर जाऊन जाहीर करतो, मास्तरीणबाईंनी माफी मागितली, बटण लागलं. लोकांना काय, काचेतून नीट दिसलंय कुठे? रात्रीपर्यंत सगळीकडे तेच झालेलं असेल." साहेबानं मान डोलावली. त्याचा आवाज परत मऊ झाला होता. त्यानं आरशात बघून केस सारखे केले.

निवडक माणसं एकमेकांकडे बघत होती. कुणी बुटांकडे बघत होतं. आई पुन्हा खुर्चीवर बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. बोलून टाकल्यावर येतं ना, तसलं. मॅनेजर गळ्यातला टाय सारखा करत पुढच्या दाराकडे निघाला. बाहेर लोक ओरडत होते, काय झालं, लावलं का, काय म्हणाल्या मास्तरीणबाई?

टाचणीनं कापड बेतायच्या टेबलाशी असलेलं उंच स्टूल उचललं. ते तिच्या छातीइतकं होतं. मागच्या दारानं ती बोळात आली, दोरीवरच्या अस्तराखालून वाकली आणि बोळाला वळसा घालून रस्त्यावर, गर्दीच्या मधोमध पोचली. मॅनेजर अजून पुढच्या दाराची कडी चाचपत होता. तिनं स्टूल टेकवलं, त्यावर चढली आणि कविता म्हणायला उभं राहतात तशी हात सरळ सोडून उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "आत काय झालं ते मी सांगते. माझ्या मावशीनं माफी मागितली नाही. माझी आई बोलली."

आणि तिनं सांगितलं. औषधवाल्या बाईंपासून, पहिल्यापासून. एक शब्द गाळला नाही, एक पदरचा घातला नाही. मॅनेजर पायरीवर येऊन मोठ्यांदा काही बोलू लागला, तर लोकांनीच त्याला गप्प केलं, थांबा हो, पोरगी सांगतेय. पाच बटणांपाशी आल्यावर तिनं पाच बोटं वर केली, तीन मिटली, दोन उभी ठेवली आणि ती दोन बोटं सगळ्यांना दिसेपर्यंत चारी दिशांना फिरवली.

तिचं सांगून संपलं तेव्हा गर्दीच्या मागच्या टोकाकडून दोन बायका पुढे आल्या. त्या आत्ताच पोचल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय गं, काय झालं?

टाचणीनं छातीभर श्वास घेतला आणि त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.